बटण दाबण्याआधी: डेटा सेंटरपासून क्लाउडपर्यंतची व्हर्च्युअल लिंक कशी आखायची

पोर्टलवर हे काम तीन क्लिकचं दिसतं. आपलं पोर्ट निवडा, समोरचा प्रोव्हायडर निवडा, बँडविड्थ टाका, झालं. आमची पहिली लिंक सुरू व्हायला अकरा आठवडे लागले. क्लिकचं काम खरोखरच पाच मिनिटांत उरकलं होतं. बाकीचा वेळ कशात गेला आणि तुमचा तो कसा वाचेल, ते इथे लिहून ठेवतोय.

उदाहरण आमचंच घेतो. कंपनी पुण्यात. जुने डेटाबेस सर्व्हर नवी मुंबईत, महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर. नवी अ‍ॅप्लिकेशन्स काही एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये, काही अझ्युरच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या) सेंट्रल इंडियामध्ये, म्हणजे पुण्यातच. दोन्हीकडे इंटरनेटवरून व्हीपीएन (इंटरनेटमधूनच काढलेला एन्क्रिप्टेड बोगदा) होतं. महिनाअखेरीला बिलिंगची बॅच सुरू झाली की ते धापा टाकायचं आणि अकाउंट्सवाले आमच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. म्हणून खासगी लिंक घ्यायचं ठरलं.

चार शब्द आधी पक्के करू. पोर्ट म्हणजे फॅब्रिक चालवणाऱ्याच्या स्विचवरचं तुमच्या नावाचं खरंखुरं पोर्ट, बहुधा १ किंवा १० जीबीपीएसचं. क्रॉस कनेक्ट म्हणजे तुमच्या रॅकपासून त्या पोर्टापर्यंत त्याच इमारतीतून ओढलेली फायबरची जोडी. व्हर्च्युअल कनेक्शन म्हणजे त्या पोर्टातून व्हीलॅन नंबर (एकाच तारेवरचा ट्रॅफिक वेगवेगळा ठेवणारा टॅग) लावून काढलेली वाट. एकाच पोर्टातून एक एडब्ल्यूएसकडे, एक अझ्युरकडे, अशा अनेक निघतात. आणि फॅब्रिक म्हणजे या वाटा जोडून देणारं स्विचांचं जाळं. मुंबईत चांदिवलीच्या इमारतींमध्ये इक्विनिक्सचं असं फॅब्रिक आहे; त्या इमारती पूर्वी जीपीएक्सच्या होत्या, २०२१मध्ये इक्विनिक्सकडे आल्या. टेलिकॉम कंपन्याही आपापल्या नेटवर्कवरून हीच सेवा वेगळ्या नावांनी देतात. नावं काहीही असोत, पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

१. सुरुवात समोरच्या टोकापासून करा

आपली सवय अशी की आधी आपली रॅक, आपला राउटर बघायचा आणि मग पुढे सरकायचं. मी उलटं सांगेन. क्लाउडवाला तुमच्यासाठी त्याचे नियम बदलणार नाही. तुमचा राउटर मात्र हवा तसा वळवता येतो. म्हणून समोरचा काय मागतो ते आधी लिहून काढा आणि तिथून मागे मागे येत आपल्या रॅकपर्यंत पोचा.

एडब्ल्यूएसच्या डायरेक्ट कनेक्टमध्ये (त्यांची खासगी लिंकची सेवा) पार्टनरमार्फत घेतलेल्या लिंकला होस्टेड कनेक्शन म्हणतात. ५० एमबीपीएसपासून मिळतं. तुम्ही फॅब्रिकच्या पोर्टलवर तुमच्या एडब्ल्यूएस खात्याचा १२ आकडी क्रमांक देता, मग कनेक्शन तुमच्या कन्सोलमध्ये येऊन उभं राहतं आणि तुम्ही ते स्वीकारता. स्वीकारलं की पोर्टच्या तासांचं मीटर सुरू. एका होस्टेड कनेक्शनवर एकच व्हर्च्युअल इंटरफेस बसतो, त्यामुळे तो प्रायव्हेट हवा, ट्रान्झिट हवा की पब्लिक, हे आधीच ठरलेलं पाहिजे. एखाद-दुसरी व्हीपीसी (एडब्ल्यूएसमधलं तुमचं खासगी नेटवर्क) असेल तर प्रायव्हेट पुरतो. पाच-सहा आहेत आणि वाढणार आहेत, तर ट्रान्झिट गेटवे (अनेक व्हीपीसी एकत्र जोडणारा एडब्ल्यूएसचा राउटर) घ्या आणि ट्रान्झिट इंटरफेस मागवा.

अझ्युरच्या एक्सप्रेसरूटमध्ये (त्यांची तशीच सेवा) दिशा उलटी. आधी तुम्ही पोर्टलमध्ये सर्किट तयार करता, त्यातून सर्व्हिस की मिळते, ती फॅब्रिकला देता. मीटर त्या किल्लीबरोबरच सुरू होतं. पलीकडे अजून एकही वायर लागलेली नसली तरी. या एका वाक्याने आमचे दीड महिन्याचे पैसे घालवले. त्याची कथा सातव्या पायरीत. अझ्युरची दुसरी खासियत अशी की एका सर्किटमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन जोडण्या असतात. फॅब्रिकवर तुम्हालाही दोन व्हर्च्युअल कनेक्शन मागवावी लागतात. पहिलंच मागवून «लिंक चालू झाली» म्हणत घरी गेलेले लोक मी पाहिलेत. लिंक चालू असते. सेवेच्या हमीचा पाया मात्र दोन्ही जोडण्यांवर असतो.

गूगल क्लाउडमध्ये पार्टनर इंटरकनेक्टची पेअरिंग की मिळते. त्या किल्लीतच रीजन आणि उपलब्धतेचा विभाग, १ की २, लिहिलेला असतो. ती एकदाच वापरता येते, आणि जोडणी होईपर्यंत ती पासवर्डसारखी सांभाळायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही. तिथल्या क्लाउड राउटरचा एएसएन (रूटिंगमधला नेटवर्कचा ओळखक्रमांक) १६५५० असावा लागतो, आणि प्रोव्हायडरने त्याचं काम केल्यावर तुम्हाला कनेक्शन हाताने अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं. ते विसरलात तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात.

२. कोण कुठल्या इमारतीत भेटतं?

हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. आमची रॅक महापेला, आणि ज्या फॅब्रिकचं पोर्ट घ्यायचं ते खाडीपलीकडे. म्हणजे नुसत्या क्रॉस कनेक्टवर भागणार नव्हतं. दोन इमारतींमध्ये मेट्रो लिंक लागणार होती. ती परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्यावी लागते, सार्वजनिक रस्त्याखालून आपली आपण फायबर टाकता येत नाही. तिची फिजिबिलिटी, कोटेशन, ऑर्डर आणि प्रत्यक्ष जोडणी यातच पाच आठवडे गेले. नवी खोदाई लागणार असेल तर पावसाळ्याचं गणित धरा: त्या दिवसांत रस्ते खोदायला महापालिका सहसा परवानगी देत नाही. मे महिन्यात ऑर्डर देणारा माणूस दसऱ्यापर्यंत थांबू शकतो.

म्हणून रॅक अजून घ्यायची असेल तर आधी विचारा: या इमारतीत कुठलं फॅब्रिक आहे, आणि एडब्ल्यूएस, अझ्युर किंवा गूगलची भेटीची जागा याच इमारतीत आहे का? विक्रीवाले «सगळे क्लाउड उपलब्ध» म्हणतील. उपलब्ध म्हणजे याच इमारतीत, की आमच्या नेटवर्कवरून दुसरीकडे, हे ईमेलवर लिहून घ्या.

अंतराचं गणित सोपं आहे. काचेतून प्रकाश एका सेकंदात साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे फायबरच्या दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई-पुणे फायबर रस्त्याच्या, घाटाच्या वळणांनी जाते, त्यामुळे नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा अंतर बरंच जास्त भरतं. आमची अझ्युरची भेटीची जागा मुंबईत आणि रीजन पुण्यात. परिणाम असा की पुण्याच्या ऑफिसात बसलेला माणूस रॅकमार्गे पुण्यातल्याच सर्व्हरला पोचायला मुंबईला जाऊन परत येतो. हसू येतं, पण ३-४ मिलिसेकंदांनी माणसाला काही कळत नाही.

अ‍ॅप्लिकेशनला कळतं. आमच्या एका जुन्या स्क्रीनला उघडताना एकामागून एक चारशे क्वेरी लागायच्या. डेटाबेस शेजारच्या रॅकवर होता तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. अ‍ॅप्लिकेशन अझ्युरमध्ये गेलं, डेटाबेस महापेला राहिला, आणि प्रत्येक क्वेरीला ४ मिलिसेकंद धरले तरी स्क्रीनला १.६ सेकंद जास्त लागू लागले. लिंकमध्ये काहीही दोष नव्हता. बँडविड्थ दुप्पट करूनही फरक पडला नसता. तेव्हा कुठलं अ‍ॅप्लिकेशन कुठल्या डेटाबेसशी किती वेळा बोलतं, हे डेव्हलपरांना लिंक मागवण्याआधी विचारा.

३. बँडविड्थ: पाइप किती जाड?

रोजचा ट्रॅफिक राउटरवरच्या आलेखातून काढा. सरासरी बघू नका, महिन्यातला सगळ्यात वाईट तास बघा. मग पहिल्यांदा करायच्या कॉपीचा वेगळा हिशोब करा. २ टीबी डेटा म्हणजे १ कोटी ६० लाख मेगाबिट. १०० एमबीपीएसच्या लिंकवरून तो पूर्ण वेगाने गेला तरी ४४ तास लागतात, ५०० एमबीपीएसवरून ९ तास. प्रत्यक्षात पूर्ण वेग मिळत नाही, त्यामुळे दीडपट धरा.

दोन सापळे. एडब्ल्यूएसच्या होस्टेड कनेक्शनवर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त आलेली पाकिटं सरळ टाकून दिली जातात. तुमचं पोर्ट १० जीबीपीएसचं आणि कनेक्शन २०० एमबीपीएसचं असेल तर राउटरला त्या मर्यादेची कल्पना नसते. तो जोरात सोडतो आणि पलीकडे गळतं. आपल्या बाजूला शेपिंग लावा, म्हणजे राउटर ठरलेल्या वेगानेच सोडेल. दुसरा सापळा वेग बदलण्याचा. एक्सप्रेसरूटचं सर्किट वाढवता येतं, कमी करता येत नाही. कमी करायचं तर नवं सर्किट. एडब्ल्यूएसच्या होस्टेड कनेक्शनचा वेग बदलायचा तर नवं कनेक्शन घेऊन त्यावर सरकावं लागतं. म्हणून अझ्युरकडे लहानापासून सुरुवात करा, एडब्ल्यूएसकडे थोडी मोकळी जागा ठेवून.

४. एकच शीट, आणि ती सगळ्यांची

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. एक एक्सेल शीट करा. प्रत्येक कनेक्शनला एक ओळ. रकाने असे: कनेक्शनचं नाव, आपलं पोर्ट, समोरची जागा, व्हीलॅन, आपला आयपी, समोरचा आयपी, आपला एएसएन, समोरचा एएसएन, एमडी५ की (दोन राउटरांमधला पासवर्ड) कुठे ठेवलीय, एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार), मागवल्याची तारीख, बिल सुरू झाल्याची तारीख, तिकीट क्रमांक. फॅब्रिकवाला, टेलिकॉमवाला आणि क्लाउडची टीम तिघंही फोनवर याच शीटमधून वाचतील असं करा. तिघांकडे तीन शीट असतील तर कुठल्या तरी एका रात्री व्हीलॅन २१० आणि २०१ यांची अदलाबदल होणारच.

आयपीची टक्कर हा नवख्यांचा हमखास अपघात. अझ्युरचं पोर्टल नवं नेटवर्क करताना स्वतःहून १०.०.०.०/१६ हा आयपी पत्त्यांचा पट्टा सुचवतं. आमच्या रॅकवरही वर्षानुवर्षं १०.०.०.०/१६ होतं. एडब्ल्यूएसमध्ये एका डेव्हलपरने व्हीपीसी केली, तिलाही त्याने तेच दिलं. व्हीपीएनच्या काळात नॅट (वाटेत पत्ते बदलून देण्याची सोय) लावून कसंबसं चाललं होतं. थेट रूटिंग आल्यावर तिन्ही एकमेकांच्या अंगावर. एक व्हीपीसी पूर्ण नव्याने बांधावी लागली. आणि डॉकरला (सर्व्हरवर कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) विसरू नका: तो सर्व्हरच्या आत गुपचूप १७२.१७.०.०/१६ वापरतो. त्याच पट्ट्यात तुमचं एखादं सबनेट असेल तर बाकी सगळ्यांना पोचता येतं, फक्त डॉकर चालणाऱ्या सर्व्हरला पोचता येत नाही, आणि तुम्ही दोन दिवस फायरवॉल तपासत बसता.

एएसएन निवडताना ६४५१२ ते ६५५३४ हा खासगी पट्टा आहे. त्यातला पहिलाच आकडा, ६४५१२, घेऊ नका. एडब्ल्यूएसच्या गेटवेचा तो आपसूक आकडा असतो. ६५५१५ ते ६५५२० हेही टाळा, अझ्युर ते आतल्या कामासाठी राखून ठेवतं. आम्ही ६५०१० घेतला. मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा १२०७६ असतो.

अझ्युरला दोन वेगळे /३० (चार-चार आयपींचे) पट्टे लागतात, एक प्रायमरीला, एक सेकंडरीला. प्रत्येकातला पहिला वापरता येणारा आयपी तुमचा, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. उलटं केलंत तर बीजीपी (राउटर एकमेकांना वाटा कळवतात ती भाषा) उठत नाही आणि कुठे चुकलं ते कुणी सांगत नाही. व्हीलॅन दोन्हीला एकच.

फॅब्रिकचं पोर्ट साध्या एका टॅगचं घ्यायचं की टॅगवर टॅग चढवणारं, म्हणजे क्यू-इन-क्यू, हे पोर्ट मागवतानाच ठरवावं लागतं. अझ्युरच्या जोडणीत बाहेरचा टॅग प्रोव्हायडरचा आणि आतला तुमचा असतो. तुमचा राउटर किंवा स्विच क्यू-इन-क्यू हाताळतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. हाताळत नसेल तर फॅब्रिकवाल्याला स्पष्ट विचारा की टॅग तो उतरवून देईल का.

५. दोन वाटा खरंच दोन आहेत का?

एका पोर्टावर दोन व्हर्च्युअल कनेक्शन काढली म्हणजे बॅकअप झाला, असं पोर्टल तुम्हाला वाटू देतं. पोर्ट गेलं की दोन्ही गेली. दोन पोर्टं घ्या, तीही दोन वेगळ्या स्विचांवर. आपल्या बाजूलाही दोन राउटर, दोन वेगळ्या वीजवाटांवर. इथपर्यंत सगळे येतात.

पुढचं फार कमी लोक करतात. आम्ही मेट्रो लिंक दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतल्या होत्या आणि निर्धास्त होतो. एका सीनियर सहकाऱ्याने विचारलं, «केएमझेड मागवल्या का?» केएमझेड म्हणजे फायबरचा मार्ग दाखवणारी फाइल, गूगल अर्थमध्ये उघडते. दोन्ही कंपन्यांकडून मागवल्या. एकीने आठवड्यात दिली, दुसरीने तीन आठवडे आणि चार ईमेल घेतले. दोन्ही एकत्र उघडल्या. महापेहून निघताना एक लाल रेषा उत्तरेला, एक निळी दक्षिणेला, झकास. आणि मग दोन्ही वळून ऐरोलीच्या पुलावर, खाडी ओलांडेपर्यंत एकमेकींच्या अंगाला अंग लावून. पुलावर एका जेसीबीचा किंवा एका आगीचा धक्का लागला असता तर दोन्ही कंपन्यांची बिलं चालू राहिली असती आणि लिंक एकही नाही. एका कंपनीने मार्ग वाशीच्या पुलावरून बदलून दिला. वार्षिक भाडं थोडं वाढलं. मॅनेजरना तो खर्च पटवायला मला सादरीकरण करावं लागलं नाही, तो नकाशा नुसता स्क्रीनवर लावला.

पुण्याकडच्या लिंकलाही हेच. एक्सप्रेसवेच्या कडेने, जुन्या महामार्गाच्या कडेने की रेल्वेच्या बाजूने, हे विचारा. घाटात वाटा जवळ येतात, तिथे रेषा मोठी करून बघा.

इमारतीच्या आतही हेच. फायबर इमारतीत कुठल्या बाजूने शिरते, मीट-मी रूम (सगळ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात ती खोली) दोन आहेत का, दोन्ही क्रॉस कनेक्ट वेगवेगळ्या ट्रेमधून येतात का. हे स्वतः जाऊन बघा. डेटा सेंटरचा माणूस बरोबर घ्या, वर मान करून पिवळ्या केबलचा ट्रे शेवटपर्यंत चालत बघा. अर्धा तास लागतो.

एवढं परवडत नसेल तर मध्यम मार्ग: एक खासगी लिंक आणि बॅकअपला जुनंच व्हीपीएन चालू ठेवा. बऱ्याच छोट्या कंपन्यांना हेच योग्य आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त लिंक पडल्यावर व्हीपीएनवर कुठली कामं थांबवायची ते आधी ठरवा, नाहीतर बॅकअपची बॅच सगळं गिळून टाकेल.

६. कागदपत्रं

तांत्रिक माणसाला हे दुय्यम वाटतं, पण आमच्या अकरा आठवड्यांतले दोन इथेच गेले. हे आधी जमवा:

– पर्चेस ऑर्डर, ज्यात एकरकमी खर्च म्हणजे ओटीसी आणि वार्षिक भाडं म्हणजे एआरसी वेगवेगळे लिहिलेत. वर १८ टक्के जीएसटी. बिल कुठल्या राज्यातल्या जीएसटी क्रमांकावर येणार तेही त्यावरच.
– टेलिकॉम कंपनीचा ग्राहक अर्ज, ज्याला सगळे सीएएफ म्हणतात. सोबत सहीचा अधिकार असलेल्या व्यक्तीचं ओळखपत्र, फोटो आणि तिला तो अधिकार दिल्याचं कंपनीचं पत्र. सही त्याच व्यक्तीची हवी. आमचे साहेब परदेशात होते, फाइल आठवडाभर तशीच.
– एलओए: समोरच्याने «माझ्या अमुक पॅनेलच्या अमुक पोर्टाला जोडायची परवानगी आहे» असं दिलेलं पत्र. क्रॉस कनेक्ट त्याशिवाय कुणी ओढत नाही. त्यावर पॅनेल आणि पोर्टाचा नंबर असतो, आणि मुदतही असते. एडब्ल्यूएसचं स्वतंत्र पोर्ट घेतलंत तर ९० दिवस.
– आपल्या बाजूचा तपशील: मजला, रॅक क्रमांक, पॅच पॅनेल, पोर्ट, कनेक्टर एलसी, फायबर सिंगल मोड.
– डेटा सेंटरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं प्रवेशपत्र, आणि सामान आत-बाहेर न्यायला गेट पास. टेलिकॉमचा माणूस गेटवर पोचतो आणि त्याचं नाव यादीत नसतं, हे हमखास घडतं.

७. ऑर्डरींचा क्रम

जे सगळ्यात जास्त वेळ घेतं ते सगळ्यात आधी, आणि ज्याचं मीटर लगेच सुरू होतं ते सगळ्यात शेवटी.

मी नेमकं उलटं केलं होतं. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी एक्सप्रेसरूटचं सर्किट तयार केलं, किल्ली मिळाली, ईमेलवर सगळ्यांना कळवलं. मेट्रो लिंक यायला अजून सहा आठवडे होते. पहिल्या महिन्याच्या बिलात सर्किटची ओळ बघून फायनान्सने विचारलं, «हे वापरतोय ना आपण?» त्या दिवशी मी नीट डॉक्युमेंटेशन वाचलं.

क्रम असा ठेवा. आधी मेट्रो लिंकची फिजिबिलिटी आणि ऑर्डर. मग फॅब्रिकचं पोर्ट. पोर्ट मिळालं की एलओए, एलओएवर क्रॉस कनेक्ट. तोवर आपला राउटर, एसएफपी (फायबर ज्यात लागते ते राउटरचं छोटं मॉड्यूल), कॉन्फिगरेशन तयार. पोर्टवर प्रकाश आला, लिंक अप दिसली, की मग अझ्युरची किल्ली आणि एडब्ल्यूएसचं कनेक्शन. अझ्युरचा नेटवर्क गेटवे तयार व्हायला ४५ मिनिटं लागू शकतात, म्हणून तो चेंज विंडोच्या (बदलासाठी ठरवून घेतलेल्या वेळेच्या) आत करू नका, आदल्या दिवशी करा. त्याच्या गेटवे सबनेटला किमान /२७ (३२ आयपी) द्या. नंतर वाढवणं त्रासाचं.

८. जोडणीची रात्र

क्रॉस कनेक्ट झाला, दोन्ही बाजू सांगतात «आमच्याकडून ओके», आणि राउटरवर लिंक डाउन. आमच्याकडे रात्री साडेबारा वाजता हेच झालं. रिमोट हँड्सचा (डेटा सेंटरच्या मदत-सेवेचा) पोरगा पॉवर मीटर घेऊन आला, आमच्याकडच्या टोकाला लावला: उणे ४० डीबीएम, म्हणजे प्रकाशच नाही. तो काही बोलला नाही. त्याने एलसी कनेक्टरची निळी चिमटी उघडली, दोन काड्या सोडवल्या, अदलाबदल करून परत बसवल्या. हिरवा दिवा. एकाचा ट्रान्समिट दुसऱ्याच्या रिसीव्हला जायला हवा, तो ट्रान्समिटलाच गेला होता. तिकीट टाकण्याआधी ही अदलाबदल करून बघा.

प्रकाश आहे पण कमी आहे, हा याहून वाईट प्रकार, कारण लिंक उठते आणि मग अधूनमधून पडते. १० जीबीपीएसच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) एसएफपीला उणे १४ डीबीएमच्या आसपास किंवा खाली प्रकाश मिळत असेल तर ती लिंक स्वीकारू नका. कनेक्टर पुसायला सांगा; निम्म्या वेळा धूळच असते. दोन्ही टोकांचे एसएफपी एकाच प्रकारचे आहेत, एक एसआर (जवळच्या पल्ल्याचा) आणि एक एलआर नाही, हेही बघा.

लिंक उठली की व्हीलॅन, मग आयपी, मग समोरच्याला पिंग, मग बीजीपी. या क्रमाने. पिंग होत नसताना बीजीपी तपासण्यात अर्थ नाही.

बीजीपी उठलं की लगेच रूट सोडू नका. बाहेर जाणाऱ्या रूटवर फिल्टर आधी लावा. एडब्ल्यूएसच्या प्रायव्हेट इंटरफेसवर तुमच्याकडून शंभरपेक्षा जास्त प्रिफिक्स (पत्त्यांचे पट्टे) गेले की ते सेशनच पाडतात. आमच्या राउटरवर जुने स्टॅटिक रूट सरसकट बीजीपीत टाकणारी एक ओळ कुणी तरी कधी तरी लिहून ठेवली होती. एकशे चाळीसच्या वर रूट गेले. सेशन उठायचं, पडायचं, उठायचं. आम्ही पाऊण तास फायबरला शिव्या दिल्या. रूट एकत्र करून चार-पाच मोठे पट्टे सोडा, तेवढे पुरतात.

बीजीपी उठलंय, रूट दिसताहेत, तरी सर्व्हर पिंग होत नाही? एडब्ल्यूएसमध्ये व्हीपीसीच्या रूट टेबलवर प्रोपगेशन (लिंकवरून आलेले रूट आपोआप टेबलात येणं) चालू आहे का ते बघा. मग सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसमधली सर्व्हरची फायरवॉल). मग आपली फायरवॉल: पाकीट नव्या लिंकने गेलं आणि उत्तर जुन्या व्हीपीएनने आलं तर ती ते फेकून देते.

९. ट्रॅफिक वळवण्याआधी

एमटीयू तपासा. तुकडे न करण्याचा झेंडा लावून १४७२ बाइटचं पिंग पाठवा. त्यावर २८ बाइटचं डोकं चढून १५०० होतात. ते जात नसेल तर मध्ये कुठे तरी कुणी टनेल लावलंय. लॉगिन होतं पण मोठी फाइल अडकते, हे त्याचं लक्षण.

बीएफडी (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) चालू करा. त्याशिवाय लिंकच्या मधोमध काही तुटलं तर बीजीपीला कळायला एडब्ल्यूएसकडे ९० सेकंद, अझ्युरकडे १८० सेकंद लागू शकतात, आणि तेवढा वेळ सगळं ठप्प. दोन्ही क्लाउडच्या बाजूला त्याची सोय आहे; ती तुमच्या राउटरवर लावेपर्यंत काम करत नाही.

मग खरी परीक्षा. ऑफिसच्या वेळेबाहेर, सगळ्यांना कळवून, पहिल्या लिंकची फायबर हाताने काढा. कन्सोलवरून इंटरफेस शटडाउन करणं वेगळं आणि फायबर काढणं वेगळं, फायबरच काढा. किती सेकंदांत दुसरीवर गेलं ते शीटमध्ये लिहा. परत लावा, परत आलं का बघा. मग दुसरी काढा. अझ्युरच्या सेकंडरीला कुणी कधी हात लावत नाही, आणि ती सहा महिने बंद पडलेली असते हे ज्या दिवशी प्रायमरी पडते त्या दिवशी कळतं.

आणि लिंक खासगी आहे म्हणजे एन्क्रिप्टेड आहे, असं ऑडिटवाल्यांना सांगू नका. डायरेक्ट कनेक्ट आणि एक्सप्रेसरूट दोन्ही मुळात एन्क्रिप्शन लावत नाहीत. लागत असेल तर वरून आयपीसेक (एन्क्रिप्टेड टनेल) चढवा आणि त्याने घटणाऱ्या एमटीयूचा हिशोब धरून वरची चाचणी पुन्हा करा.

१०. बंद करताना

कधी तरी ही लिंक बंद किंवा बदलावी लागेल. अझ्युरमध्ये आधी प्रोव्हायडरने त्याच्या बाजूने डीप्रोव्हिजन करायचं, म्हणजे जोडणी काढायची, मग तुम्ही सर्किट डिलीट करायचं. फॅब्रिकचं व्हर्च्युअल कनेक्शन काढलं म्हणून पोर्टचं भाडं थांबत नाही, पोर्ट सोडलं म्हणून क्रॉस कनेक्टचं थांबत नाही, आणि मेट्रो लिंकला करारात लिहिलेली नोटीस वेगळी द्यावी लागते. चारही गोष्टींचे चार वेगळे अर्ज. आमच्या एका जुन्या क्रॉस कनेक्टचं बिल लिंक बंद केल्यावर चार महिने येत राहिलं. चूक डेटा सेंटरची नव्हती. डिसकनेक्टचा फॉर्म आम्ही भरलाच नव्हता.